तेरा ते सतरा वयासाठी विज्ञानकथा आणि अद्भुत कादंबऱ्या कशा निवडाव्यात

पुस्तकाच्या मागे छापलेलं वय बाजूला ठेवा. सातवीतली मुलगी चारशे पानं संपवते आणि दहावीतला मुलगा चाळिसाव्या पानावर अडतो, असं सर्रास होतं. पाहायच्या गोष्टी दोनच: मूल कोणत्या भाषेत मनातल्या मनात भरभर वाचतं, आणि न उठता किती वेळ वाचतं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मुंबईत शाळेच्या माध्यमावरून गृहीत धरलं जातं आणि तिथेच चुकतं. इंग्रजी माध्यमातलं मूल इंग्रजीत धडे वाचतं, पण कादंबरीला लागणारा वेग त्याच्याकडे असेलच असं नाही.

तपासायची रीत सोपी आहे. पुस्तकाचं मधलंच एखादं पान उघडून द्या. पहिलं पान नको, कारण ते लेखकाने वाचकाला ओढून घेण्यासाठीच लिहिलेलं असतं. मुलाने ते मनात वाचावं आणि न कळलेले शब्द बोटांवर मोजावेत. एका पानात पाचपेक्षा जास्त झाले तर ते पुस्तक सध्या मागे ठेवायचं.

मात्र या प्रकारच्या पुस्तकांत एक खुबी आहे. लेखकाने स्वतः घडवलेले शब्द या मोजणीत धरायचे नाहीत. परक्या ग्रहावरच्या प्राण्याचं नाव किंवा जादूगारांच्या खेळाचं नाव कुणालाच आधी ठाऊक नसतं. त्याचा अर्थ पुढच्या दहा-पंधरा पानांत प्रसंगातून उलगडतो. पाठ्यपुस्तकाची सवय लागलेली मुलं अशा प्रत्येक शब्दापाशी थांबून अर्थ विचारतात, मोबाइलवर शोधतात आणि तिसऱ्या दिवशी पुस्तक मिटतात. चांगल्या वाचणाऱ्या मुलांचीही विज्ञान-कादंबरी सुटते, ती बहुतेक वेळा यामुळेच. म्हणून पुस्तक देतानाच सांगा: कळलं नाही तरी पुढे जा, लेखक पुढे सांगेल.

मराठीत सुरुवात करायची तर कादंबरीआधी कथा द्या. जयंत नारळीकरांचा ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह यासाठी उत्तम. प्रत्येक कथा एका बैठकीत होते, विज्ञान खरं असतं, आणि आठवीचा अभ्यासक्रम झालेल्या मुलाला बहुतेक धागे पकडता येतात. त्यानंतर त्यांचीच ‘वामन परत न आला’ ही कादंबरी. यंत्रमानवाला बुद्धी दिली तर पुढे काय, हा तिचा विषय आजच्या मुलांच्या रोजच्या बोलण्यात असल्यामुळे ती जुनी वाटत नाही. ‘प्रेषित’ तिसऱ्या क्रमांकावर ठेवा. ज्याला वाक्यांचा वेग आणि धमाल हवी, त्याला भा. रा. भागवतांनी केलेली ज्यूल व्हर्नची मराठी रूपं द्या, उदाहरणार्थ ‘चंद्रावर स्वारी’ किंवा ‘पाताळलोकची अद्भुत यात्रा’. भागवतांचं मराठी इतकं खेळतं आहे की अकरा-बारा वर्षांचं मूलही त्यात रमतं. कथांची गोडी लागली की बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर ही नावं वाचनालयात मागायची. नारायण धारप मात्र सोळानंतर. त्यांची भीती खरोखर लागते.

मूळ मराठीत कुमारांसाठी लिहिलेली अद्भुत कादंबरी फार थोडी आहे. ही उणीव मोठी आहे आणि सध्या ती अनुवादांवरच भागवावी लागते. ‘हॅरी पॉटर आणि परीस’ पासून पुढची मालिका मराठीत आहे. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला पहिला भाग मराठीत आणि पुढचे इंग्रजीत दिले तर मोठी अडचण निघून जाते: पात्रं आणि शाळा ओळखीची झालेली असतात, त्यामुळे इंग्रजीचं ओझं अर्धं होतं. चौथ्या भागापासून पुस्तकं जाड आणि गंभीर होतात, तिथे घाई करू नये.

इंग्रजीत पहिलं पुस्तक निवडताना प्रकरणांची लांबी बघा. डोंबिवली किंवा विरारहून लोकलने कॉलेजला जाणाऱ्याला वीस मिनिटांत संपणारं प्रकरण हवं असतं. लोइस लॉरी यांच्या ‘द गिव्हर’ (1993) मध्ये छोटी छोटी 23 प्रकरणं आहेत आणि इंग्रजी अगदी साधं आहे. भाषा कच्ची पण डोकं तल्लख, अशा मुलाला यासारखं पुस्तक नाही. रिक रायर्डनची पर्सी जॅक्सन मालिका पहिल्याच पानापासून पळते. रोशनी चोक्सी यांची अरू शाह मालिका पांडवांच्या पुनर्जन्मावर उभी आहे. महाभारत ऐकत मोठ्या झालेल्या मुलीला तिथे परकेपणा जाणवत नाही.

‘द हॉबिट’ (1937) देताना एक काळजी घ्या. पहिल्या प्रकरणात तेरा बुटके एकामागून एक घरात शिरतात आणि त्यांच्या नावांतच मुलं दमतात. हे प्रकरण तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा, नावं लक्षात ठेवायची गरज नाही हे सांगा आणि दुसऱ्यापासून पुस्तक त्यांच्या हाती द्या. पाचव्या प्रकरणातल्या कोड्यांपर्यंत पोचलेलं मूल सहसा शेवट गाठतं. उर्सुला ले ग्विन यांचं ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ (1968) याच्या उलट आहे: पुस्तक बारीक, प्रकरणं फक्त दहा, पण संवाद कमी आणि प्रत्येक वाक्य सावकाश वाचायचं. आमच्या मते या वयासाठी लिहिलेली याहून सुंदर अद्भुत कादंबरी नाही. ती मे महिन्याच्या सुट्टीत द्या, चाचणी परीक्षेच्या आठवड्यात नको. ‘ड्यून’ (1965) सोळानंतरच. तिच्या शेवटी शब्दसूची आहे, ते पान आधी दाखवून ठेवा.

मालिकांचा क्रम हा नेहमीचा घोळ. सी. एस. लुईस यांच्या नार्निया मालिकेच्या संचात आता ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’ पहिलं म्हणून येतं, पण ते 1955 साली प्रसिद्ध झालं. 1950 चं ‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’ आधी वाचलं तरच कपाटामागच्या जगाचं आश्चर्य टिकतं. साधारण नियम असा: पुस्तकं ज्या क्रमाने छापली गेली त्याच क्रमाने वाचावीत. अर्थसीचे पहिले तीन भाग सलग द्या. चौथा, 1990 सालचा ‘तेहानू’, मोठ्यांच्या दुःखांबद्दल आहे, तो थांबू शकतो.

पुस्तक हातात घेतल्यावर आधी नाव बघा. फिलिप पुलमन यांचं ‘नॉर्दर्न लाइट्स’ आणि ‘द गोल्डन कंपास’ हे एकच पुस्तक आहे, दुसरं नाव अमेरिकन आवृत्तीचं. फोर्टात किंवा माटुंग्याला पदपथावर दोन्ही आवृत्त्या हाती लागू शकतात आणि एकच कथा दोनदा घरी येते.

मग पानं मोजा. व्हर्नचं ‘ट्वेंटी थाउजंड लीग्ज’ शंभर पानांत बसवलेलं असेल तर ते संक्षिप्त आहे. पूर्ण कादंबरी त्याच्या कितीतरी पट आहे. वेल्सचं ‘द टाइम मशीन’ (1895) मात्र मुळातच शंभरेक पानांचं, ते बारीक दिसलं म्हणून परत ठेवू नका. व्हर्नच्याच पृथ्वीच्या पोटातल्या प्रवासाच्या (‘जर्नी टू द सेंटर ऑफ द अर्थ’) इंग्रजी आवृत्तीत प्राध्यापकाचं नाव हार्डविग असेल तर तो 1871 चा मोडतोड केलेला अनुवाद आहे. मूळ नाव लिडेनब्रॉक. ते असलेली प्रत शोधा.

सिग्नलवर किंवा पदपथावर नवं कोरं पुस्तक फारच स्वस्त मिळत असेल तर ती बहुधा चोरटी छपाई असते. लेखकाला त्यातून काहीच मिळत नाही, आणि वाचणाऱ्यालाही त्रास होतो: एखादा सोळा पानांचा फॉर्मा गायब असतो किंवा दोनदा लागलेला असतो. कागद पातळ आणि अक्षर फिकं दिसलं तर घेऊ नका. जुनं पुस्तक घेताना सगळे पृष्ठक्रमांक चाळून बघा, शेवटची दहा पानं विशेष. पावसाळ्यात घेतलेली जुनी प्रत कपाटात ठेवण्याआधी दोन दिवस पंख्याखाली उभी ठेवा, नाहीतर बुरशी शेजारच्या पुस्तकांना लागते.

मराठी पुस्तकांसाठी दादर सोयीचं. पूर्वेला 1898 साली स्थापन झालेलं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, पश्चिमेला स्टेशनजवळ मराठी पुस्तकांची दुकानं. नारळीकर, भागवत यांच्या जुन्या आवृत्त्या दुकानात नसल्या तरी वाचनालयात मिळू शकतात; लेखकाच्या नावाने मागा. अद्भुत आणि गूढ कथांसाठी ओळखले जाणारे जुने ‘नवल’ दिवाळी अंकही विचारून बघा. ज्याला पुढे स्वतः लिहावंसं वाटेल त्याने चुनाभट्टीच्या मराठी विज्ञान परिषदेत विज्ञानकथा स्पर्धेची चौकशी करावी. नारळीकरांनीही 1974 साली तिथे टोपणनावाने कथा पाठवली होती.

काही पुस्तकं मोठ्यांनी आधी वाचून ठेवावीत. ‘द हंगर गेम्स’ मध्ये चोवीस मुलांना एकमेकांना मारायला भाग पाडलं जातं. हिंसा चवीने रंगवलेली नाही, पण मरणं खरी आहेत. ‘द गिव्हर’ ची भाषा सोपी असली तरी एकोणिसावं प्रकरण जड आहे. ते वाचून झाल्यावर मुलाला त्यावर बोलायला कुणीतरी लागतं, तेव्हा त्या आठवड्यात तुमचंही तेवढं वाचून झालेलं असू द्या.