राजीनाम्यातली एक ओळ आणि माझं पेन्शन

वर्दीत नव्याने येणाऱ्या पोरांसाठी लिहितोय. दौड, लेखी, मेडिकल हे सगळं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत, त्यात मी पडत नाही. मी पेन्शनचं सांगणार, आणि त्यातही बरंचसं एकाच जागेबद्दल, कारण तिथेच मी तोंडावर आपटलो आणि अजून उठतोच आहे.

मी ग्वाल्हेरचा, तिथल्या लष्कर भागातला. २००३ ला पोलिसात आरक्षक, म्हणजे शिपाई, झालो. म्हणजे नशिबाने जुन्या पेन्शनमध्ये, कारण आपल्या मध्य प्रदेशात १ जानेवारी २००५ पासून जे लागले ते सगळे नव्या स्कीममध्ये, एनपीएस (नॅशनल पेन्शन सिस्टम) म्हणा की अंशदायी म्हणा, जिथे आपल्याच पगारातून कापून साठवलेल्या पैशांवर पेन्शन ठरतं. तेव्हा मला यातलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. एकविसाव्या वर्षी पेन्शनचा विचार कोण करतो हो, पगारातून जीपीएफ (जुन्या पेन्शनवाल्यांचा भविष्य निर्वाह निधी) कटायचा तर उलट राग यायचा की एवढे पैसे कशाला कापतात.

२००७ मध्ये राज्याच्याच दुसऱ्या एका वर्दीच्या खात्यात उपनिरीक्षक म्हणून निवड झाली. घरी पेढे, वाड्यात पेढे. आता जॉइनिंगला मोजून बारा दिवस आणि जुन्या ऑफिसातून सुटायचं कसं हा प्रश्न. परीक्षेला बसताना मी ऑफिसला कळवलंच नव्हतं, कारण एक सीनियर म्हणाले होते की सांगशील तर सुट्टी मिळणार नाही, गपचूप दे. (असले सीनियर प्रत्येक लाइनीत असतात, मनाने चांगले, चहा पाजतात, आणि सल्ला असा देतात की वीस वर्षं पुरावा.) मग स्थापना शाखेतल्या बाबूंकडे गेलो तर ते म्हणाले, "लिख दो घरेलू कारणों से त्यागपत्र, आज ही साइन करा देता हूँ." मी लिहून दिलं. साडेचार ओळी. संध्याकाळी मंजूर. रोजनामच्यात रवानगी पडली आणि मी त्या बाबूंना वर मिठाईचा डबा नेऊन दिला!

आता हे नीट ऐका, दोनदा वाचा पाहिजे तर. पेन्शनच्या नियमांत राजीनामा म्हणजे मागची सगळी नोकरी गेली, पुसली. तुम्ही चार वर्षं केली असो की चौदा. याला एकच मोठा अपवाद आहे, की राजीनामा सरकारच्याच दुसऱ्या पेन्शनपात्र पदावर जाण्यासाठी दिलेला असेल, आणि तो रीतसर परवानगीने दिलेला असेल, तर मागची नोकरी जात नाही, पुढे जोडली जाते. दोन्ही पाहिजेत, कारणही आणि परवानगीही. माझ्याकडे कारण खरं होतं पण कागदावर नव्हतं, कागदावर घरगुती कारण होतं, आणि परवानगी तर मागितलीच नव्हती. त्यामुळे सरकारच्या लेखी २००३ चा आरक्षक घरगुती अडचणीमुळे घरी बसला आणि २००७ मध्ये कोणीतरी एक नवाच माणूस भरती झाला. नवा माणूस म्हणजे २००५ नंतरचा. म्हणजे एनपीएस.

आणि मला हे कळलं कधी? पहिल्या पगाराच्या स्लिपवर जीपीएफ नव्हता, वाटलं होईल दुरुस्त. उलट जुन्या जीपीएफचे पैसे एजी ऑफिसकडून (महालेखाकार, जिथे त्याचा हिशोब असतो) निघाले, मी खाता बंद करून पल्सर घेतली. खरं तर नोकरी जोडली गेली असती तर खाता चालू राहिला असता, बंद होतोय हीच घंटा होती, पण मी गाडीच्या रंगात अडकलो, लाल की काळी.

दहा-बारा वर्षांनी आमच्या शेजारचे काका, जे एजी ऑफिसातूनच रिटायर झालेले, त्यांना सहज स्लिप दाखवली. ते म्हणाले, अरे तू तर २००३ चा ना? राजीनाम्याची कॉपी आण. आणली, कार्बनची निळी कॉपी, आवकचा गोल शिक्का अर्धाच उठलेला. काकांनी बोट ठेवलं 'घरेलू' या शब्दावर आणि बराच वेळ बोट तसंच ठेवलं. मग एवढंच म्हणाले, "हे कोणी लिहून घेतलं रे तुझ्याकडून?" काय सांगणार, अक्षर तर माझंच होतं.

घाबरू नका, तुमचं असं होणार नाही, कारण तुम्ही आधी विचाराल. तुम्ही सगळे एनपीएसमध्येच येणार त्यामुळे जुनं-नवं हा घोळ तुम्हाला नाही. पण राजीनाम्याचा घोळ आहेच, मागची सेवा, रजा, पगार कुठे फिक्स होणार हे सगळं त्याच कागदावर लटकलेलं असतं. आरक्षक होऊन पुढची परीक्षा देणारे तुमच्यात निम्मे तरी असतील. फॉर्म भरतानाच उचित माध्यमाने, म्हणजे आपल्या ऑफिसमार्फत, भरा, नाहीतर निदान लेखी कळवून आवक नंबर घ्या. निवड झाली की राजीनाम्यात साफ लिहा की अमुक पदावर, अमुक आदेशाने निवड झाली म्हणून, विभागाच्या अनुमतीने, त्या पदावर रुजू होण्यासाठी राजीनामा देत आहे. मंजुरीच्या आदेशातही तीच भाषा आली पाहिजे, नुसतं "त्यागपत्र स्वीकृत" चालवून घेऊ नका, भांडा. सेवा पुस्तिकेत नोंद, एलपीसी (शेवटच्या पगाराचा दाखला) हातात, आणि मधले दिवस जॉइनिंग टाइमच्या, म्हणजे रुजू व्हायला मिळणाऱ्या मुदतीच्या, आत. त्याहून जास्त गेले तर ते शिल्लक रजेत बसवून घ्यायचे किंवा रीतसर माफ करून घ्यायचे, आपोआप काही होत नाही.

बाकी एनपीएसचं थोडक्यात. बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) मिळून दहा टक्के तुमचे कटतात, म्हणजे आरक्षकाच्या सुरुवातीच्या १९,५०० बेसिकवर १,९५० आणि डीएवरचे वेगळे. सरकारही आपला वाटा टाकतं. प्रान, म्हणजे तुमच्या एनपीएस खात्याचा नंबर, बारा आकडी, तो जन्मभर एकच, नोकरीचा विभाग बदलला तरी तोच पुढे द्यायचा, दुसरा काढायचा नाही. ट्रेनिंगमध्ये असताना प्रान उशिरा बनतो आणि काही महिने कटलेले पैसे खात्यात दिसत नाहीत असं होतं, म्हणून वर्षातून एकदा स्टेटमेंट काढून महिने मोजा, चक्क बोटांवर. रिटायर झाल्यावर, आपल्याकडे २०१८ पासून वय ६२ आहे, साठ टक्क्यांपर्यंत रोख मिळतात आणि कमीत कमी चाळीस टक्क्यांची अ‍ॅन्युइटी, म्हणजे ठरावीक पेन्शन देणारी विमा कंपनीची योजना, घ्यावी लागते. मध्येच सोडलं तर उलटं आणि वाईट, ऐंशी टक्के अ‍ॅन्युइटीत. लग्न झालं की नॉमिनी बदला, निम्म्या लोकांचं आईचंच नाव असतं आणि बायकोला माहीतच नसतं.

आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे आदेश वाचून नाचू नका. आपल्या शहरात ही गडबड जास्त होते कारण जवळच टेकनपूरला केंद्राचं बीएसएफ, इकडे राज्याचं एसएएफ (सशस्त्र पोलीस दल), दोघांची वर्दी खाकीच पण हिशोब वेगळे. केंद्राची कट ऑफ १ जानेवारी २००४, आपली २००५. मार्च २०२३ मध्ये केंद्राने २२ डिसेंबर २००३ च्या आधी निघालेल्या जाहिरातींवर लागलेल्यांना जुन्या पेन्शनचा पर्याय दिला, तो केंद्राच्या कर्मचाऱ्यांना. १ एप्रिल २०२५ पासूनची युनिफाइड पेन्शन स्कीम आली तीही केंद्राची, राज्यांनी घ्यावी की नाही ते राज्यांवर. मी स्वतः तो २०२३ चा कागद आपल्या अर्जाला जोडून पाठवला होता, अडाण्यासारखा. तीन महिन्यांनी एका ओळीत उत्तर आलं, लागू नाही. त्यानंतर नुसता राजीनाम्याचा मुद्दा घेऊन दुसरं अभ्यावेदन, म्हणजे विनंती अर्ज, दिलंय, निवडीचा जुना आदेश लावून, की बघा, सोडलं आठ तारखेला आणि रुजू झालो वीसला, घरी बसलो कुठे? ते अजून फिरतंय.

गेल्या महिन्यात भाच्याची निवड झाली, आरक्षकातून पुढे. त्याचा राजीनामा मी आमच्या ओट्यावर बसून तीनदा लिहून घेतला, वैतागला तो, म्हणे मामा किती वेळा. परीक्षेची परवानगी त्याने आधीच घेतली होती, तेवढं माझं ऐकलं. मंजुरीचा आदेश आला तर त्यात पद आणि परवानगी दोन्ही बरोबर. नव्या जागी आमद, म्हणजे हजर होणं, सोमवारची आहे, एलपीसी मात्र अजून बाबूंच्या टेबलावर, उद्या सकाळी दोघं जाऊन बसणार आहोत.