पाण्याचे रॉकेट: बांधावे कसे, उडवावे कुठे

पहिलेच रॉकेट बांधणार असाल तर पाण्याचे बांधा. त्यात जळणारे काही नसते. कोल्ड्रिंकची सव्वादोन लिटरची बाटली, पाऊण लिटर पाणी आणि सायकलचा पंप एवढ्यावर ते आठ-दहा मजल्यांइतके वर जाते. दाबलेली हवा पाण्याला तोंडातून खाली फेकते आणि त्याच जोराने बाटली वर सुटते. बहुतेक फसलेल्या उड्डाणांमागे दोनच कारणे सापडतात, एक तर तोंडाशी हवा गळते किंवा नाक हलके पडते. म्हणून वेळ तिथेच खर्च करा.

आधी लाँचर, म्हणजे रॉकेट ज्यावरून सुटते तो पाया करू. नाशिकमध्ये रविवार कारंजा असो की सातपूर, हार्डवेअरच्या दुकानात जाताना रिकामी बाटली बरोबर न्या. अर्धा इंची यूपीव्हीसी पाइप, जाड भिंतीचा शेड्यूल 80, बाहेरून साधारण 21.3 मिमी असतो आणि बाटलीच्या तोंडात अलगद जातो. सीपीव्हीसीचा पाइप बाहेरून बारीक असतो, तो चालत नाही. दुकानातच बाटलीत घालून बघा.

45 सेमीचा तुकडा उभा, खाली एल्बो (काटकोनी जोड), मग 20 सेमीचा आडवा तुकडा आणि टोकाला आट्यांचा अडॅप्टर व नळीचे निपल. सांधे सॉल्व्हंट सिमेंटने जोडून 24 तास वाळू द्या आणि सगळे जाड फळीवर सॅडल (पाइप धरणारी पट्टी) ठोकून पक्के करा. निपलला 5 मीटर जाळीची अर्धा इंची नळी क्लिपने आवळा. नळीच्या दुसऱ्या टोकात ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवायचा आहे. नळीचे टोक मिनिटभर गरम पाण्यात धरले की व्हॉल्व्हचा जाड बुंधा आत जातो, मग वरून क्लिप. व्हॉल्व्ह पंपापाशी असल्यामुळे बेत रद्द करायचा झाला तर लांबूनच पिन दाबून हवा सोडता येते. या सोयीत कंजुषी करू नका.

उभ्या पाइपवर, वरच्या टोकापासून 20 सेमीवर कानशीने गोल खाच पाडून ओ-रिंग (रबराची गोल कडी) बसवा. बाटली जोर लावून पण हातानेच बसली पाहिजे. सैल वाटली तर खाचेत टेफ्लॉन टेपचे दोन वेढे द्या आणि रिंगला साबणाचे बोट फिरवा. पाइपचे टोक पाण्याच्या पातळीच्या वर राहावे म्हणून ते 20 सेमी आत ठेवतो. आखूड ठेवलात तर पाणी नळीत उतरते.

आता पकड. बाटलीच्या तोंडाखाली जे प्लॅस्टिकचे कडे असते त्यावर 10-12 केबल टायची डोकी अडकतील अशा बेताने ते टाय पाइपभोवती उभे लावून खाली क्लिपने आवळा. डोक्यांवरून दीड इंची पाइपचा 8 सेमीचा तुकडा बाहीसारखा चढतो. बाही वर असेपर्यंत बाटली सुटत नाही, खाली ओढली की टाय फाकतात आणि रॉकेट निघते. बाहीला दोन बाजूंनी दोरी बांधून ती फळीवरच्या आकड्यांखालून 6 मीटर लांब न्या. एखाद्या टायचे डोके खाली राहिले तर रॉकेट सुटतानाच कलते, म्हणून सगळी डोकी एका रेषेत आहेत का ते डोळा लावून पाहा.

बाटली कोल्ड्रिंकचीच हवी. साध्या पाण्याच्या बाटलीची भिंत पातळ असते, ती दाबासाठी केलेलीच नसते. फ्लेक्सवाल्याकडून सनपॅक शीट (आतून पोकळ असलेला प्लॅस्टिकचा हलका पत्रा) आणून चार पंख कापा, मुळाशी 12 सेमी, बाहेर 8 सेमी. ते तोंडाच्या बाजूला, एकमेकांशी काटकोनात, दुहेरी फोम टेपने आणि वरून सेलोटेपने बसवा. ग्लू गन वापरू नका. तिच्या उष्णतेने बाटली वाकते आणि तिथेच फुटते. लेबल काढताना ब्लेडने खरवडू नका.

दुसऱ्या बाटलीचा वरचा भाग कापून नाक करा. आत 70-80 ग्रॅम मऊ प्लॅस्टिसीन पिशवीत बांधून भरा, टोकाला स्पंजचा चेंडू लावा. शाडू नको, वाळला की भुगा होतो. पतंगाची कन्नी चुकली की तो गोते खातो, तसेच इथे नाकाचे. रॉकेटची सावली पुठ्ठ्यावर गिरवून आकार कापा आणि पुठ्ठा बोटावर तोला, ती जागा खुणेने धरा. मग रिकामे रॉकेट बोटावर तोला. रॉकेटचा तोल पुठ्ठ्याच्या खुणेपेक्षा निदान एका बाटलीच्या रुंदीने, म्हणजे सुमारे 11 सेमीने, नाकाकडे हवा. नसेल तर नाकात वजन वाढवा. शेवटी तोलाच्या जागी दोरी बांधून ते डोक्याभोवती फिरवा. नाक पुढे धरून फिरले तर ठीक, आडवे फिरले तर उडवू नका.

बाटली पहिल्यांदा वापरण्यापूर्वी पाण्याने काठोकाठ भरून, लाँचरवर चढवून 60 पीएसआयपर्यंत (पीएसआय हे हवेच्या दाबाचे माप) दाब द्या. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे ती फुटलीच तरी धडाका होत नाही. उड्डाणासाठी मात्र 40 पीएसआय पुरे, 60 कधीच ओलांडू नका. पंपावर दाबाचा काटा हवाच.

मैदान मोकळे, वर तारा नाहीत असे बघा. ओझर विमानतळ, गांधीनगरची लष्करी धावपट्टी आणि देवळालीचा तोफखान्याचा परिसर यांच्या आसपास उडवू नका. निफाड-दिंडोरीकडे शेतात उडवायचे तर जानेवारी ते मार्च द्राक्षबागेपासून बरेच लांब जा. मांडवाच्या तारांत अडकलेले रॉकेट काढताना घड झडतात आणि शेतकऱ्याचे वर्ष त्यावर असते. सकाळी आठच्या आत वारा मंद असतो.

पाऊण लिटर पाणी भरा. फळी उलटी धरून पाइप बाटलीत सरकवा, टाय बसवा, बाही चढवा, मग सगळे सरळ करून फळी पातळीत ठेवा. चष्मा लावा, पाहणाऱ्यांना 10 मीटर मागे करा. पहिले उड्डाण 25 पीएसआयचे. भरलेल्या रॉकेटवर कोणी वाकता कामा नये, गळते आहे का पाहण्यासाठीसुद्धा नाही. आधी हवा सोडा. दोरी हिसडा न देता एका दमात ओढा.

रॉकेट सरळ चढून शेवटी वळले तर ठीक. निघताच गोल फिरले तर पंख वाकडे आहेत, हवेत कोलांट्या खाल्ल्या तर नाक हलके आहे. पाणी संपण्याआधीच जोर ओसरला तर हवा कमी भरली आहे, दाब पाचच पीएसआयने वाढवा. बाटलीवर पांढरी रेघ किंवा चुणी दिसली की ती कापून तिचे पुढचे नाक करा.