शुगर आहे आणि पास्ता पण हवाय? मग सॉस घरी करा

आमच्याकडे रविवारी रात्री पास्ता ठरलेला, लेकीचा हट्ट. मला शुगर निघाली तेव्हा पहिले दोन महिने मी बाजूला बसून भाकरी आणि मेथी खायचे आणि त्यांच्या ताटात बघत बसायचे. मग एकदा वैतागून म्हटलं वाटीभर खाल्ल्याने काय होतंय, खाल्ला, आणि दोन तासांनी बोट टोचलं तर २३८! मग चष्मा लावून सॉसच्या बाटलीचं मागचं वाचलं, टोमॅटोच्या खालोखाल साखरच लिहिलेली.

तर बाटली घेणारच असाल तर आधी उलटी करून बघा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, साखर पहिल्या तीन-चारात दिसली की बाटली परत रॅकवर. ती वेषांतर करून पण येते बरं का, लिक्विड ग्लुकोज, डेक्स्ट्रोज, इन्व्हर्ट सिरप वगैरे, माल्टोडेक्स्ट्रिन पण त्यातलंच समजा. अ‍ॅडेड शुगरचा, म्हणजे वरून घातलेल्या साखरेचा आकडा बघा, ४ ग्रॅम म्हणजे साधारण एक चहाचा चमचा. तो आकडा १०० ग्रॅमचा आहे का एका सर्व्हिंगचा हेही बघा, कारण सर्व्हिंग कधीकधी इतकं चिमुकलं धरलेलं असतं की तेवढ्यात आमच्या मांजरीचा पण पास्ता होणार नाही. बीपी असेल तर सोडियमवर पण नजर टाका.

खरं तर घरचा सॉस इतका सोपा आहे की बाटलीची गरजच नाही. मंडईतून किलोभर पिकलेले लालबुंद टोमॅटो आणा, हायब्रीडच बरे, गावठी फार आंबट होतात. बुडाला सुरीने फुली मारून उकळत्या पाण्यात मिनिटभर टाका, सालं आपोआप निघतात. मोठे दोन चमचे तेलात लसणाच्या आठ-दहा पाकळ्या ठेचून, एक कांदा अगदी बारीक चिरून, आणि एक छोटं गाजर किसून मंद गॅसवर चांगलं दहा-बारा मिनिटं परता, घाई करू नका, गोडी इथेच सुटते. मग टोमॅटो, मीठ, थोडं काश्मिरी तिखट, आणि अर्धा-पाऊण तास मंद शिजू द्या. ओरेगॅनो विकत आणायची गरज नाही, पिझ्झाबरोबर आलेल्या पुड्या प्रत्येक पुणेरी घराच्या ड्रॉवरमध्ये साठलेल्या असतातच.

आता खरी परीक्षा. चव घेतली, जरा आंबट लागलं, की आपला हात सवयीने गुळाच्या डब्याकडे जातो, आमटीची सवय! तिथे थांबा. अजून दहा मिनिटं शिजवा, तरी आंबट असेल तर चिमूटभर, खरंच चिमूटभर, खायचा सोडा टाका, फेस येईल आणि आंबटपणा उतरेल. सॉस काचेच्या बरणीत फ्रीजमध्ये चार दिवस राहतो, जास्तीचा बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा.

व्हाइट सॉसमध्ये मैदा असतो म्हणून मी पनीर, थोडं दूध आणि लसूण मिक्सरला फिरवून घेते. अगदी तसाच लागतो असं खोटं नाही सांगणार, पण छान लागतो.

पण नुसता सॉस सुधारून भागत नाही, मूळ मामला पास्त्याचाच आहे. माझा हिशोब सोपा, सॉस म्हणजे भाजी आणि पास्ता म्हणजे पोळी. ५० ग्रॅम कोरड्या पास्त्यात साधारण ३६-३७ ग्रॅम कार्ब्स (कर्बोदकं, ज्यांनी शुगर चढते ती), म्हणजे दोन फुलके झाले, मग त्या जेवणात पोळी नाही, भात नाही, ब्रेड नाही. वजनकाट्यावर कोरडाच मोजा, शिजल्यावर फुगतो आणि मग अंदाज चुकतो. ड्युरम रव्याचा, म्हणजे कडक जातीच्या गव्हाच्या रव्याचा घ्या, मैद्याचा नको, आणि दाताला किंचित कडक लागेल इतपतच शिजवा, गिच्च शिजला की शुगर लवकर चढते. सॉसमध्ये सिमला मिरची, मशरूम, पनीर, उकडलेले छोले असं काहीबाही भरपूर घाला आणि आधी वाटीभर कोशिंबीर खा.

मी बारीक आहे, मला चालतं, असं कोणी म्हणालं की मी आमच्या पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. याज्ञिकांची गोष्ट सांगते. २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि त्यांच्या ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो छापून आला होता, दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २२.३, पण अंगातली चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के आणि त्या साहेबांची ९.१! म्हणजे बारीक दिसण्यावर जाऊ नका.

पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी शुगर तपासा, सहसा १८० च्या आत यायला हवी, तुमच्या डॉक्टरांनी वेगळा आकडा दिला असेल तर तो धरा. इन्सुलिन किंवा शुगर खाली आणणाऱ्या गोळ्या चालू असतील तर कार्ब्स एकदम कमी करण्याआधी त्यांना विचाराच, नाहीतर शुगर भलतीच खाली जायची. किडनीचा त्रास असेल तर टोमॅटो किती चालेल तेही विचारून घ्या. माझी मागच्या रविवारी १५६ आली, तीही जेवून कॉलनीत वीस मिनिटं चक्कर मारल्यावर.

बाहेर गेलात तर रेड सॉस सांगा, भाज्या जास्त घालायला सांगा, आणि एक प्लेट दोघांत घ्या. गार्लिक ब्रेड मात्र टेबलावर येऊच देऊ नका, आला की संपतोच.