जुन्या मिडियम फॉरमॅट कॅमेऱ्यात रोल भरताना या चुका टाळा

माळ्यावर आजोबांचा यशिका नाहीतर अग्फा क्लिक थ्री सापडतो, मग घाईघाईत १२० चा (या कॅमेऱ्यांना लागणाऱ्या रुंद फिल्मचा) एक रोल मागवला जातो, एक व्हिडिओ अर्धवट बघून तो भरलाही जातो, आणि धुवून येतो तेव्हा अख्खा काळाकुट्ट किंवा दोन्ही कडा जळलेल्या. मग मला निगेटिव्हचा फोटो येतो, 'ताई, कॅमेऱ्यात लाइट लीक आहे का, कुठून उजेड शिरतोय का?' मी घरीच रोल धुते आणि असे बरेच पाहिलेत, त्यातल्या बहुतेकांचे कॅमेरे ठणठणीत होते, गडबड भरतानाच झालेली.

मुळात हे समजून घ्या की १२० ला ३५ एमएमसारखी डबी नसते. १९०१ पासून हे असंच चालत आलंय, एक लांब कागद आणि त्याच्या आत एका टोकाला चिकटवलेली फिल्म, बास. उजेडापासून वाचवणारं दुसरं काहीही नाही. तो कागद स्पूलवर, म्हणजे दोन टोकांना चकत्या असलेल्या रिळावर, घट्ट आणि सरळ गुंडाळला गेला तरच आतली फिल्म सुरक्षित.

म्हणून पहिली आणि मला सगळ्यात जास्त छळणारी चूक म्हणजे सैल रोल. एकदा माझंही नुकसान झालंय. वाईला मामाचा वाडा पाडायचा ठरला तेव्हा आम्ही सगळे शेवटचं जमलो होतो. मी यशिका मॅट १२४जी नेला होता. भर दुपारी अंगणात उभं राहून रोल भरला, मामा मागून म्हणतोय अगं आटप, माईमावशीची एसटी चुकेल, आणि त्या घाईत कागदाचं टोक वरच्या स्पूलच्या खाचेत थोडं तिरकं गेलं. मला ते दिसलं होतं. पुढे होईल सरळ म्हणून दार लावलं. ते पुढे सरळ होत नाही, प्रत्येक वेढ्याला आणखी एका बाजूला सरकतं. बारा फोटो काढले, चौकात, ओसरीवर, तुळशीपाशी, आणि रोल बाहेर काढला तर मधे फुगलेला, एका कडेला कागद आणि स्पूलची चकती यांच्यात चक्क फट. तोही काढला उन्हातच. यशिका मॅटसारख्या टीएलआरमध्ये, म्हणजे एकावर एक दोन लेन्सच्या कॅमेऱ्यात, फिल्म खालून वर जाते, त्यामुळे फिल्मच्या कडा म्हणजे फोटोची डावी उजवी बाजू. ग्रुप फोटोत माईमावशी अगदी कडेला उभी होती. प्रिंटमध्ये तिचा खांदा आणि अर्धा चेहरा पांढऱ्या धुक्यात गेलाय. तो वाडाही आता नाही आणि मावशीही नाही.

तेव्हापासून माझी सवय ठरलेली आहे. टोक खाचेत घातलं की दोन्ही बाजूंना चकतीपासून सारखं अंतर आहे का ते डोळ्यांनी बघते, नसेल तर काढून परत घालते, कितीही लोक वाट बघत असले तरी. मग खालच्या भरलेल्या रोलवर डाव्या अंगठ्याचा हलका दाब ठेवून क्रँक (फिल्म पुढे नेणारा बाजूचा दांडा) फिरवते, म्हणजे कागद ताणलेलाच राहतो. दार लावेपर्यंत अंगठा सोडत नाही. एवढं करूनही रोल सैल येत असतील तर खालच्या स्पूलला दाबून धरणारी पट्टी म्हातारी झालेली असते, तिथे जाड कागदाची घडी घालणारे लोक आहेत, मी मात्र ती दुरुस्तच करून घेते, कारण तो कपटा सरकून मधेच अडकला तर रोल तर जाईलच, वर गिअरवर ताण. आणि रोल भरायचा आणि काढायचा सावलीत, सावली नसेल तर स्वतःच्या पाठीची करा. फुगलेला रोल निघालाच तर लगेच फॉइलमध्ये गुंडाळा आणि अंधारात उघडायला सांगून लॅबला द्या, मधले फोटो बऱ्याचदा वाचतात.

दुसरी चूक सुरुवातीच्या बाणाची. यशिका मॅट, रोलिकॉर्ड अशा कॅमेऱ्यात कागदावर आडवा बाण येईपर्यंत गुंडाळायचं, तो कॅमेऱ्यातल्या खुणांसमोर आला की थांबायचं, दार लावायचं, आणि मग क्रँक (रोलिकॉर्डला गोल नॉब) आपोआप अडेपर्यंत फिरवायचा, तेव्हा काउंटरवर १ येतो. एक मुलगा आधी क्लिक थ्री वापरायचा, तिथे मागच्या लाल खिडकीतून आकडा बघून गुंडाळायचं असतं. त्याने यशिका घेतला आणि खिडकीच नाही म्हणून दार उघडं ठेवून १ चा आकडा दिसेपर्यंत गुंडाळत गेला. आकडा आला म्हणजे फिल्मही आली ना! पहिली फ्रेम तर गेलीच, पण कागद हातात सैल झालेला असल्याने उजेड पुढच्या वेढ्यांतही शिरला. कारण विचारलं तर म्हणाला, मॅन्युअल वाचायला कंटाळा आला. या कंटाळ्याचा मला खरंच राग येतो. जुन्या कॅमेऱ्यांची मॅन्युअलं नेटवर फुकट मिळतात, दहा मिनिटांत वाचून होतात, आणि प्रत्येक मॉडेलची पद्धत वेगळी असते. रोलिफ्लेक्स ऑटोमॅटमध्ये तर बाण जुळवायचाच नसतो, कागद खालच्या दोन रुळांच्या मधून न्यायचा असतो, मग फिल्म कुठे सुरू झाली ते कॅमेराच ओळखतो. कागद रुळांच्या वरून नेलात तर त्याला काहीच कळत नाही आणि क्रँक न अडता फिरत राहतो.

नवीन माणसाला मी आधी खरा रोल भरूच देत नाही. लॅबमधून धुतलेल्या रोलचा कागद आणि स्पूल मागून आणा, फुकट देतात, आणि तोच वीस वेळा भरा. शेवटचे पाच वेळा डोळे मिटून. लोक म्हणतात एवढं कशाला, पण या कॅमेऱ्यांत एका रोलमध्ये फक्त बारा फोटो असतात.

आता बाकीच्या भराभर सांगते. कागदाची छापील बाजू दार उघडल्यावर तुमच्याकडे हवी आणि काळी बाजू लेन्सकडे, उलटं झालं तर बाराच्या बारा कोरे. १२४जीच्या दाराच्या आत फिल्म दाबून धरणारी प्लेट असते, तिच्यावर १२० आणि २२० अशा दोन जागा आहेत, २२० ला फिल्मच्या मागे कागद नसतो म्हणून ती सेटिंग वेगळी, आज तुम्ही भरणार १२० च, तेव्हा भरण्याआधी प्लेट बघा. फ्रिजमधला रोल लगेच फोडू नका, पाकिटासकट तासदोन तास बाहेर राहू द्या, मुंबई-कोकणच्या हवेत तर नक्कीच, नाहीतर दव धरतं. रोलची चिकटपट्टी दाताने फाडू नका, तिचा तुकडा आत पडतो आणि फिल्मवर ओरखडा उठतो.

लाल खिडकीवर काळी टेप लावाच. ती खिडकी ज्या जमान्यातली, तेव्हाच्या फिल्मला लाल रंग दिसत नव्हता, आजच्या पॅनक्रोमॅटिक, म्हणजे सगळे रंग टिपणाऱ्या फिल्मला दिसतो, आणि उन्हात ४०० आयएसओच्या जलद फिल्मवर मधोमध गोल डाग येतो. टेप सावलीत उचलायची, हळू गुंडाळायचं, आकड्याआधी ठिपके किंवा गोल येतात तिथून आणखी हळू. दोन खिडक्या असलेल्या घडीच्या कॅमेऱ्यात कुठली खिडकी कुठल्या साइजची ते आधी बघून घ्या.

बारावा फोटो झाला की लगेच दार उघडू नका. क्रँकचा जोर एकदम हलका होईपर्यंत फिरवा आणि वर आणखी दोन फेरे. मग रोल हाताने आवळून टोक आत दुमडा, पट्टी ओली करून चिकटवा, आणि रिकामा झालेला खालचा स्पूल तिथल्या तिथे वर बसवा, नाहीतर पुढच्या वेळी आयत्या वेळी तो सापडत नाही.

आणि कोडॅकचा जुना बॉक्स कॅमेरा असेल तर आत ६२० लिहिलंय का पाहा. फिल्म तीच, पण स्पूल बारीक, आणि ६२० रोल १९९५ लाच बंद झाले. लोक १२० च्या चकत्या कात्रीने कापून कोंबतात, मला ते पटत नाही, कडा खडबडीत राहते आणि रोल आत घासत फिरतो. अंधाऱ्या पिशवीत १२० ची फिल्म ६२० च्या स्पूलवर गुंडाळून घ्यायची, आधी एकदा दुसऱ्या स्पूलवर आणि मग ६२० वर, म्हणजे सुरुवातीचं टोक परत बाहेर येतं. यासाठी ६२० चे दोन स्पूल लागतात. लॅबला रोल देताना पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहा, स्पूल परत हवा, आणि आणायला जाल तेव्हा निगेटिव्हच्या आधी तो मागून घ्या.