बंगला घेताय? आधी थ्री फेज विचारा

दिवाळीनंतर किंवा मेच्या सुट्टीत अठरा-वीस माणसांनी मिळून कुठं जायचं ठरलं की हल्ली घरातलं कुणीतरी म्हणतंच, हॉटेल नको, अख्खा बंगला घेऊ. म्हणणं बरोबर आहे. हॉटेलात सहा-सात खोल्या घेतल्या की त्या तीन मजल्यांवर विखुरतात, आजीची खोली कोणती ते नातवंडांना सापडत नाही, आणि रात्री गप्पा मारायला जागा म्हणजे कुणाच्या तरी पलंगाचा कोपरा. त्यातही दहा वाजता रिसेप्शनवरून फोन येतो, जरा हळू. बंगल्यात हॉल असतो, अंगण असतं, ओटा असतो. गाद्या टाकल्या की झालं. पण हॉटेलात पाणी, लाईट, गॅस, चादरी बघायला पगारी माणूस असतो. बंगल्यात ते काम तुमच्याकडे येतं, आणि त्यातलं बरंचसं घरून निघायच्या आधीच करावं लागतं. पुढची यादी वेरूळ, खुलताबाद, म्हैसमाळ, दौलताबाद या पट्ट्यातल्या शेतातल्या बंगल्यांची आहे. अलिबाग-लोणावळ्याला जाणाऱ्यांनी आपापलं बघावं.

सुरुवात माणसं मोजण्यापासून. ‘बहुतेक येतो’ म्हणणाऱ्यांना मोजायचं नाही, त्यांच्याकडून आधी पैसे घ्यायचे, म्हणजे बहुतेकचं नक्की होतं. पाच वर्षांच्या पोराला मालक माणूस धरतो की नाही तेही विचारून ठेवा, नाहीतर दारात हुज्जत होते.

तारीख ठरवताना वार बघा. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, अजिंठ्याची सोमवारी. लातूर-नांदेडहून एवढं अंतर कापून येऊन कुलूप बघणारी कुटुंबं दर हंगामात दिसतात. श्रावणी सोमवारी घृष्णेश्वराला आणि श्रावणातल्या शनिवारी भद्रा मारुतीला इतकी गर्दी असते की खुलताबादचा रस्ता ओलांडणंही अवघड होतं, तेव्हा दर्शन हाच हेतू नसेल तर ते वार टाळा. पावसाळ्यातल्या रविवारी म्हैसमाळचंही तेच. हुरडा खायचा असेल तर डिसेंबर-जानेवारी, आणि मालकाला विचारा की आगटी पेटवून कणसं भाजणारा माणूस आहे का. नसेल तर तुमचे मेहुणे भाजतील आणि सगळे कोळसे खातील.

आता मुख्य गोष्ट. पाणी.

‘पाणी आहे का?’ असं विचारू नका. मराठवाड्यात या प्रश्नाला कुठलाही मालक नाही म्हणत नाही. ‘बोअरला भरपूर पाणी आहे, साहेब,’ हे उत्तर येतं आणि ते खरंही असतं. मागच्या खेपेला आम्ही त्या खऱ्या उत्तरावर समाधान मानलं. सकाळी साडेसातला गच्चीवरची टाकी संपली, तेव्हा काका अंगाला साबण लावून उभे होते. घरात दिवे चालू, पंखे चालू, टीव्हीवर कार्टून चालू, बोअरला पाणीच पाणी, आणि नळाला फुस्स. राखणदार शांतपणे म्हणाला, ‘थ्री फेज रात्री येती ना आता.’ २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेल्या लातूरची माणसं आम्ही, आणि मोटर कशावर चालते हे विचारायचं राहिलं!

तर नीट समजून घ्या. घरातले दिवे-पंखे सिंगल फेजवर, म्हणजे घरगुती साध्या विजेवर चालतात. शेतातल्या बोअरची मोटर बहुतेक ठिकाणी थ्री फेजची, म्हणजे तीन तारांवरच्या जास्त ताकदीच्या विजेची असते, आणि शेतीच्या फीडरवर, म्हणजे शेतांना वीज पुरवणाऱ्या लाइनवर थ्री फेज चोवीस तास नसते. ती पाळीनं येते, साधारण आठ तास. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. जिथं सौर ऊर्जेवरचा फीडर सुरू झालाय तिथं दिवसा मिळते. म्हणजे घरात लाईट आहे यावरून मोटर चालेल असं समजू नका. शेतकऱ्याच्या घरातल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं. शहरात राहून आलेल्या आपल्यालाच ते आठवत नाही, कारण आपल्या सोसायटीत बटण दाबलं की पाणी चढतं.

म्हणून प्रश्न असे विचारा. थ्री फेज या आठवड्यात किती ते किती? गच्चीवरची टाकी किती लिटरची? खाली हौद आहे का, आणि हौदातून वर पाणी चढवायला सिंगल फेजची वेगळी मोटर आहे का? हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. हौद आणि सिंगल फेजची मोटर असेल तर रात्री बोअरनं हौद भरून घेता येतो आणि दिवसभर बिनघोर वापरता येतो. ते नसेल तर दुसरा बंगला बघा. तिथला झोपाळा कितीही छान असू दे.

हिशेब सोपा आहे. शहरांच्या पाणीपुरवठ्यासाठी माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात. अठरा माणसं म्हणजे २४३० लिटर. बंगल्याच्या फोटोत मागे जी काळी टाकी दिसते ती पुष्कळदा १००० लिटरची असते. त्यात सुट्टीवर आलेली माणसं काटकसर करत नाहीत, आणि मुलं शॉवरखाली उभी राहिली की दार ठोठावल्याशिवाय बाहेर येत नाहीत. टाकी २००० लिटरच्या खालची आणि बोअरनं हौद भरेलच असं नाही, असं उत्तर आलं तर टँकर आधीच सांगून ठेवा. टँकर पाच हजार किंवा दहा हजार लिटरचा असतो. पैसे कोण देणार, आणि बंगल्यापर्यंतच्या पाणंदीतून टँकर वळतो का, हे दोन्ही विचारा. ओतायला हौद नसेल तर टँकर येऊन उपयोग नाही, हेही डोक्यात ठेवा.

आणि स्विमिंग पूलला भुलू नका. वीस फूट लांब, दहा फूट रुंद, चार फूट खोल पूल म्हणजे साडेबावीस हजार लिटर पाणी. ते तिथं निळंशार दिसतं म्हणून नळालाही पाणी असेल, हा समज आमचाही होता. शेवटी त्याच पुलातून बादल्या भरून संडासात नेल्या. जाऊबाई अजून ते काढतात.

प्यायचं पाणी वेगळं. वीस लिटरचे जार, रोजचे तीन, उन्हाळ्यात चार. राखणदाराला आदल्या दिवशी आणून ठेवायला सांगा.

पैसे. समजा हॉटेलच्या सात खोल्या तीन-तीन हजारांच्या, म्हणजे एकवीस हजार, आणि बंगला अठराला. वरवर बंगला स्वस्त. पण त्यात जादा गाद्या, स्वयंपाकाच्या बाई, गॅस, टँकर, जनरेटरचं डिझेल हे धरलंय का बघा. हॉटेलात सकाळचा नाश्ता बहुतेक भाड्यात असतो, इथं पोहेसुद्धा तुम्हीच करणार. कराचंही विचारा. हॉटेलच्या खोलीचं भाडं दिवसाला ७५०० रुपयांपर्यंत असेल तर सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के जीएसटी आहे, त्याच्या वर १८ टक्के. अख्ख्या बंगल्याचा दर ७५०० च्या वर जातोच, त्यामुळे मालक जीएसटीत असेल तर फरक लहान नसतो. ‘सगळं धरून किती?’ याचं उत्तर लेखी, निदान व्हॉट्सअ‍ॅपवर घ्या. बंगला परवडतो तो माणसं बारा-पंधराच्या वर असली तर. सहा-आठ जण असाल तर गुपचूप हॉटेल घ्या, कुणालाच भांडी घासायला नकोत.

फोटोंवर विसंबून आगाऊ रक्कम पाठवू नका. दुसऱ्याच्या बंगल्याचे फोटो लावून पैसे उकळणारे आहेत. मालकाला व्हिडिओ कॉल करायला लावा, फाटकापासून चालत आत यायला सांगा, आणि कॉलवरच नळ उघडायला सांगा. मग म्हणा, आता मोटर चालू करून दाखवा. तो ‘आत्ता नाही होणार’ म्हणाला की विचारा, का? थ्री फेज नाही म्हणून? हा एक प्रश्न ऐकला की मालकाला कळतं, समोरचा माणूस गावाकडचा आहे.

खोल्या. खालच्या मजल्यावर निदान एक झोपायची खोली हवी आणि तिला लागून कमोड. गुडघेदुखीच्या माणसाला जिना चढायला लावून काय सुट्टी घालवणार? उलट एखाद्या आजोबांना भारतीय पद्धतीचाच लागतो, तेही विचारा. अठरा माणसांना चार संडास हवेत. तीनवर भागवायचं तर सकाळी लेण्यांना निघायला अकरा वाजतात. दौलताबादच्या किल्ल्याला साडेसातशेच्या आसपास पायऱ्या आहेत, तिथं अकराच्या उन्हात कुणी चढून दाखवावं.

लाईटचा भारही बघा. दीड टनाचा एसी दीड किलोवॅटच्या आसपास खातो, गिझर दोन. चार एसी आणि तीन गिझर एकदम लावले की बारा किलोवॅट होतात, आणि शेतातली सिंगल फेजची वायर तेवढं पेलत नाही. फ्यूज उडतो. इन्व्हर्टरवर एसी चालत नाही, हे मालक सांगणार नाही. मेमध्ये जायचं असेल तर जनरेटर आहे का ते विचारा, आणि असलाच तर त्यावर पाण्याची मोटर चालते का हेही. हो, पुन्हा मोटर. कितीदा सांगू?

स्वयंपाकघराची जबाबदारी एका माणसाकडे द्या, आणि दर वेळी त्याच वहिनीकडे नको. बंगल्यात आठ ताटं, सहा कप आणि एक टोस्टर असतो. अठरा माणसांच्या वरणाचं पातेलं, कणीक भिजवायची परात, मोठा झारा, पोळपाट, विळी, हे घरून न्या किंवा राखणदाराला गावातून मागवायला सांगा. सिलिंडर भरलेला आहे का, आणि जोडीला दुसरा आहे का? भाकरी थापायला गावातल्या बाई मिळतात, पण आधी सांगावं लागतं, ज्वारीचं पीठही त्यांनाच आणायला सांगा, ताजं मिळतं. पहिल्या रात्रीचं जेवण डब्यातलं असू द्या: धपाटे, शेंगदाण्याची चटणी, दही. पोचल्या पोचल्या कुणालाही चुलीपाशी उभं करू नका. नाश्त्याला सुशीला सगळ्यात सोपा, मुरमुरे भिजवायला आणि फोडणीला वेळ लागत नाही. एक दिवस मात्र संभाजीनगरात बाहेर जेवा. नान-खलिया घरी कुणी करणार नाही.

ड्रायव्हर. सतरा सीटची ट्रॅव्हलर ठरवता, आणि रात्री तो झोपणार कुठं हे कुणाच्या ध्यानात येत नाही. त्याला पलंग, पंखा, जेवण आणि अंघोळीला पाणी द्या. त्यालाच दुसऱ्या दिवशी अजिंठ्याला शंभर किलोमीटर न्यायचं आहे. समृद्धीवरून येणार असाल तर माळीवाड्याला उतरा, दौलताबाद जवळ पडतं. अजिंठ्याला गाडी फर्दापूरच्या टी-पॉइंटपर्यंतच जाते, पुढं तिथल्या बसनं.

औषधं, ओडोमॉस, टॉर्च. शेतातलं घर आहे, रात्री अंगणात चप्पल घातल्याशिवाय जायचं नाही, विंचू असतात. काही झालं तर १०८, आणि मोठं हॉस्पिटल म्हणजे संभाजीनगरची घाटी.

आधार कार्डं सगळ्यांची. अमेरिकेचा पासपोर्ट असलेला भाचा येणार असेल तर मालकाला आधी सांगा, परदेशी पाहुण्याची माहिती मालकाला चोवीस तासांत सरकारला कळवावी लागते. स्पीकर रात्री दहापर्यंतच, बंगला तुमचा असला तरी कायदा तोच आहे.

आदल्या संध्याकाळी राखणदाराला एक फोन करा. मालकाला नको, राखणदारालाच. टाकी भरली का? हौद भरला का? उद्या थ्री फेज दिवसा की रात्री? तिन्ही उत्तरं मिळाल्याशिवाय बॅगा गाडीत टाकू नका.

पोचल्यावर खोल्यांचे, फुटक्या काचेचे, मीटरचे फोटो काढा. निघताना पुन्हा काढा. अनामत रक्कम खात्यावर आली की मग किल्ली द्या. टॉवेल, ब्रश, चार्जर तुमचं तुम्ही बघा.