आईला शुश्रूषा केंद्रात हलवण्याआधी

सर्वांत आधी आईकडून कुलमुखत्यारपत्र, म्हणजे तिच्या वतीने व्यवहार करायचा लेखी अधिकार, नोंदवून घ्या. विस्मरण वाढून आईची समजच गेली की ते कायद्याने संपतं. सही करतानाही आमची आई माझं शुद्धलेखन सुधारत होती, हे नशीब!

मग बिस्किटांच्या डब्यातल्या पावत्या काढल्या: सोनेतारण, पतसंस्थेचं कर्ज, सोसायटीची थकबाकी. सोनेतारण आधी फेडलं, नाहीतर पाटल्या लिलावात गेल्या असत्या. वसुलीवाला दमात घेऊ लागला तर विचारा, ‘मी जामीनदार किंवा सहकर्जदार आहे का?’ नसाल, तर तिचं कर्ज तुमच्या पगारातून फेडायची सक्ती नाही.

घर विकलं नाही. ११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर दिलं. करार नोंदवावाच लागतो. नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्या. तुळस मात्र मी माझ्याकडे आणली.