सायकलवरून पडून खरचटलं तर आधी पाणी, हळद नाही

आमच्या गावच्या रस्त्यावर गिट्टी टाकून ठेवली अन् डांबराचा पत्ता नाही, शाळेतून येताना एखादं पोट्टं घसरतेच. मागच्या पावसाळ्यात भाचा पडला, गुडघा सोलून निघाला, अन् मी पोहोचेपर्यंत आजीनं हळद भरून वर घरचा कापूस दाबला होता. मंग दवाखान्यात तो चिकटलेला कापूस भिजवून भिजवून काढताना त्याच्या किंकाळ्या ऐकल्या, म्हणून लिहून राह्यलो.

पहिले डोकं पाहा. बेशुद्ध झाला होता का, उलटी झाली का, बरळते का, हातपाय वाकडा दिसते का? यातलं काही असलं तर धुणंबिणं सोडा, 108 ला फोन लावा.

नुसतं खरचटलं असेल तर आपले हात साबणानं धुवा अन् जखमेवर पिण्याच्या पाण्याची धार धरा, चांगली पाच-दहा मिनिटं, नळ नसला तर तांब्यानं. झोंबते, पोट्टं रडते, रडू द्या. साबण जखमेच्या आजूबाजूलाच लावा. मुरमाचे कण राह्यले तर ओल्या स्वच्छ फडक्यानं हळूच पुसा, वरचा खडा उकळलेल्या चिमट्यानं काढा, खोल रुतलेला असेल तर मात्र डॉक्टरच. कण आत राह्यले तर जखम पिकते, अन् भरली तरी चामडीखाली गोंदल्यासारखा काळा डाग राहते.

रक्त येत असेल तर स्वच्छ कापड 10 मिनिटं दाबून धरा, मधात उचलून पाहू नका.

मंग व्हॅसलीनचा पातळ थर अन् वर न चिकटणारी पट्टी, रोज बदलायची. "उघडी ठेवा, वाळू द्या" म्हणतात ना, उलट ओलसर राह्यलेली जखम लवकर भरते. चुना, टूथपेस्ट, शेण, जाळलेल्या कापसाची राख, काहीच नाही. हळद भाजीतच बरी.

अन् धनुर्वात काही गंजलेल्या खिळ्यानंच होत नाही राजेहो, त्याचे जंतू मातीत अन् शेणात असतात, आपल्या रस्त्यावर दुसरं आहे काय? जखमेत माती गेली अन् धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन 5 वर्षांहून जुनं असेल किंवा आठवतच नसेल तर सरकारी दवाखान्यात जाऊन टीडी, म्हणजे धनुर्वाताची लस, घ्या, होईल तितकं लवकर.

दोन दिवसांनी दुखणं वाढलं, लाली पसरली, पू किंवा ताप आला तर दाखवा, अन् शुगरवाल्यानं तर तेवढी वाटही पाहू नये.